सत्तरीतील एका डोहातला मासा : नाव, आढळ आणि नोंदवहीतील एक रकाना

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गावाचे आहे. गावाची, पंचायतीची आणि संबंधित व्यक्तींची ओळख पटेल असा तपशील मुद्दाम वगळला असून, ज्या डोहाभोवती हा सारा विषय फिरला त्याचे नेमके ठिकाणही दिलेले नाही. गावाजवळून म्हादईला मिळणारी एक उपनदी वाहते. पावसाळ्यात ती दोन्ही काठ भरून जाते. उन्हाळ्यात मात्र तिचा प्रवाह तुटतो आणि पाणी फक्त खडकांमधल्या डोहांत उरते. गोड्या पाण्यातील माशांसाठी हे डोह म्हणजे पुढच्या पावसापर्यंत तग धरण्याची जागा असते, आणि त्यामुळेच उन्हाळ्यात एका डोहावर आलेले संकट नदीच्या बऱ्याच मोठ्या भागावर परिणाम करते.

जैवविविधता कायदा, २००२ च्या ४१व्या कलमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान नोंदवणारी लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख काम असते. देशभरात हे काम अनेक वर्षे रेंगाळले होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि ती न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा सगळीकडे घाई सुरू झाली. घाईत केलेल्या नोंदींत साहजिकच जुन्या याद्यांवरून उतरवून घेतलेली नावे अधिक आणि प्रत्यक्ष पाहून लिहिलेली नावे कमी असतात. या गावाच्या नोंदवहीतील माशांचे पान तसेच झाले होते. समितीने पुढे ते पान तपासून पुन्हा लिहायचे ठरवले आणि त्यासाठी प्राणिशास्त्र शिकवणारा म्हणून माझी मदत मागितली.

ज्या माशावरून प्रश्न उभा राहिला तो गावात सर्वांच्या परिचयाचा आहे. पूर्ण वाढलेला मासा वीतभर भरतो. अंगावर मोठे चंदेरी खवले, शेपटीच्या अलीकडे कुशीवर लांबट काळा ठिपका आणि शेपटीच्या दोन्ही पात्यांच्या टोकांशी तांबूस व काळा रंग, अशी त्याची ठेवण असते. प्रौढ नराच्या पाठीवरील पराचे काटे तंतूंसारखे लांब वाढतात. पिल्ले मात्र अगदी वेगळी दिसतात, कारण त्यांच्या अंगावर काळे उभे पट्टे असतात आणि वाढीबरोबर ते पुसट होत शेवटी शेपटीजवळचा ठिपका तेवढा उरतो. काही घरांत पिल्ले आणि प्रौढ मासे यांना वेगवेगळी नावे होती व ते दोन निराळे मासे आहेत अशी समजूत होती. या लेखात त्याला सोयीसाठी ‘काळ्या ठिपक्याचा मासा’ म्हटले आहे. नोंदवहीत त्याच्यापुढे ‘पुंटियस फिलामेंटोसस’ हे शास्त्रीय नाव आणि आढळाच्या रकान्यात ‘पश्चिम घाट, सर्वत्र’ एवढेच शब्द होते.

समस्या

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस कोणीतरी मासे मारण्यासाठी गावाजवळच्या मोठ्या डोहात ब्लीचिंग पावडर टाकली. हे कोणी केले याचा शोध लागला नाही आणि या अभ्यासाचा तो विषयही नाही. गेळाची फळे किंवा कुंभ्याची साल ठेचून पाण्यात टाकायची आणि गुंगलेले मासे वेचायचे ही पद्धत कोकणात व गोव्यात जुनी आहे. तिनेही नुकसान होतेच, पण ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि लहानमोठ्या माशांबरोबर किडे, शेवाळ व अंडी यांचाही नाश करते. दुसऱ्या दिवशी डोहाच्या काठाला मेलेल्या माशांचा थर लागला होता, आणि त्यात काळ्या ठिपक्याचे मासे सर्वाधिक दिसत होते.

गावातील तरुणांच्या एका मंडळाला याचा फार संताप आला. त्यांनी वर्गणी काढली आणि डोहात पुन्हा मासे सोडायचे ठरवले. शोभेच्या माशांचा परराज्यातील एक व्यापारी ‘फिलामेंट बार्ब’ नावाने विकली जाणारी, टाकीत पैदास केलेली पिल्ले पुरवायला तयार होता. त्याच्या दरपत्रकावर जे शास्त्रीय नाव होते तेच नोंदवहीत होते. मंडळाचा युक्तिवाद सरळ होता: नाव एक, म्हणजे मासा एक, आपलाच मासा आपण आपल्या नदीत परत आणत आहोत. समितीच्या अध्यक्षांनाही त्यात आक्षेपार्ह काही दिसत नव्हते, कारण परदेशी मासा आणण्याचा तो प्रस्ताव नव्हता आणि त्यामागची भावना निखळ चांगली होती. पाऊस तोंडावर आलेला असल्यामुळे निर्णय लगेच हवा होता.

म्हणजे नोंदवहीतील एका रकान्याच्या आधारावर जिवंत मासे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणार होते. ते नाव आणि तो आढळ कितपत विश्वासार्ह आहे, हा प्रश्न त्यामुळे कागदापुरता राहिला नाही.

नावामागचा इतिहास

निर्णय समजण्यासाठी या माशाच्या वर्गीकरणाचा प्रवास थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी १८४४ मध्ये केरळातील अलेप्पी, म्हणजे आजचे अलप्पुळा, येथून आलेल्या माशांवरून ‘लेउसिस्कस फिलामेंटोसस’ या प्रजातीचे वर्णन केले. पाच वर्षांनी, १८४९ मध्ये, जर्डन या ब्रिटिश डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने कानडा प्रदेशातून (आजच्या कर्नाटकच्या किनारपट्टीवरून) मिळालेल्या एका जवळच्या माशाला ‘सिस्टोमस असिमिलिस’ असे नाव दिले. पुढे फ्रान्सिस डे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा बहुतेक माशांना ‘बार्बस’ या एकाच मोठ्या प्रजातीसमूहात (इंग्रजीत ‘जीनस’) घातले आणि नंतरच्या काळात ते ‘पुंटियस’मध्ये गेले. ‘पुंटियस’ हे हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांसाठी वापरलेले नाव, पण विसाव्या शतकात दक्षिण आशियातील लहान आकाराचे, परस्परांशी दूरचे नाते असलेले कितीतरी मासे त्यात जमा झाले. या काळात जर्डन यांचे ‘असिमिलिस’ मागे पडले आणि शेपटीजवळ काळा ठिपका व पाठीवर तंतू असलेला जवळजवळ प्रत्येक मासा ‘फिलामेंटोसस’ म्हणून नोंदवला जाऊ लागला. कोकणापासून श्रीलंकेपर्यंत एकच प्रजाती पसरली आहे असे चित्र त्यातून तयार झाले. गोव्याच्या जुन्या याद्यांतील नोंदी याच काळातल्या समजुतीवर उभ्या आहेत.

हे चित्र २००५ मध्ये बदलू लागले. पेथियागोडा आणि कोटेलाट यांनी दक्षिण भारत व श्रीलंकेतील या गटाचे पुनरावलोकन केले, ‘असिमिलिस’ ही स्वतंत्र प्रजाती असल्याचे पुन्हा प्रस्थापित केले आणि केरळातील कल्लडा नदीतून ‘एक्स्क्लामाशिओ’ ही नवी प्रजाती वर्णिली. श्रीलंकेतील मासा ‘सिंघला’ म्हणून वेगळा ओळखला गेला. २०१२ मध्ये पेथियागोडा, मीगस्कुंबुरा आणि मदुवागे यांनी ‘पुंटियस’ची फोड करून या गटासाठी ‘डॉकिन्सिया’ ही नवी प्रजातीसमूहाची पायरी निर्माण केली. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांच्यावरून हे नाव दिले गेले आणि ‘फिलामेंटोसा’ (‘फिलामेंटोसस’चेच नव्या समूहनामाशी जुळणारे रूप) ही तिची आदर्श प्रजाती, म्हणजे समूहाचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती प्रजाती, ठरली. वरच्या जबड्याच्या टोकाशी मिशा नसणे, पाठीवरील पराच्या शेवटच्या अखंड काट्याची कड दातेरी नसून गुळगुळीत असणे, कुशीवरील संवेदी रेषा (पाण्याची हालचाल टिपणाऱ्या छिद्रांची रांग) अखंड असणे आणि पिल्लांच्या अंगावर काळे पट्टे असणे, ही या समूहाची ठळक लक्षणे आहेत. त्यानंतर २०२० मध्ये उन्मेष कटवटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीररचना व जनुकीय माहिती यांची सांगड घालून पश्चिम घाटातील या माशांचा पुन्हा आढावा घेतला आणि काही नव्या प्रजाती प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी ‘डॉकिन्सिया उत्तरा’ ही महाराष्ट्राच्या कोकणातील नद्यांमधली आहे. आजवर ज्याला तिथे फिलामेंटोसा म्हटले जात होते तो मासा वेगळा निघाला.

आता नकाशा समोर ठेवला की अडचण स्पष्ट होते. ‘फिलामेंटोसा’चे मूळ ठिकाण केरळात आहे, ‘असिमिलिस’चे नाव कर्नाटकच्या किनारपट्टीशी जोडलेले आहे, ‘उत्तरा’ महाराष्ट्राच्या कोकणात आहे, आणि गोवा या सर्वांच्या मधोमध येतो. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता, तर व्हॅलेन्सिएन व जर्डन यांनी ज्यांवरून वर्णने केली ते नमुने मलबार आणि कानडा या बाजूंचे होते. म्हणून सत्तरीतील मासा दक्षिणेकडच्या कोणत्या प्रजातीचा उत्तरेकडील टोकाचा समाज (म्हणजे एका भागात राहणारा त्या प्रजातीच्या माशांचा गट) आहे, उत्तरेकडच्या प्रजातीचा दक्षिणेकडील समाज आहे, की आणखी काही, हे केवळ गोव्याच्या जागेवरून ठरवता येत नाही.

पश्चिमवाहिनी नद्यांची ठेवण हा प्रश्न अधिक बिकट करते. घाटमाथ्यावरून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळणाऱ्या या नद्यांची मुखे खारी असतात. म्हादईत भरतीचा प्रभाव गांजेपर्यंत पोहोचतो. मांडवी (म्हादईचेच खालच्या भागातील नाव) आणि जुवारी कुंभारजुवे कालव्याने एकमेकींना जोडलेल्या असल्या तरी तो कालवाही खाऱ्या पाण्याचाच आहे. गोड्या पाण्यातला मासा खाडीतून शेजारच्या नदीत सहजासहजी जाऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक खोऱ्यातील समाज दीर्घकाळ एकटा राहतो. दुसरीकडे, पूर्वी कधी घाटमाथ्याजवळ एखाद्या ओढ्याने दिशा बदलली असेल तर दोन खोऱ्यांतील मासे एकत्रही आले असतील. म्हणून तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, तळपण आणि गालजीबाग या नद्यांत एकच समाज आहे असे गृहीत धरणे जितके धोक्याचे, तितकेच प्रत्येकीत वेगळी प्रजाती आहे असे मानणेही धोक्याचे आहे.

विचारात घेतलेले पर्याय

समितीच्या बैठकीत पहिला पर्याय मंडळाचाच होता: जुने नाव कायम ठेवायचे, पिल्ले आणायची आणि पहिल्या पावसाआधी सोडायची. त्याची जमेची बाजू म्हणजे काम लगेच झाले असते आणि तरुणांचा उत्साह टिकला असता. मला मात्र हा पर्याय सर्वांत घातक वाटत होता, आणि तो तसा का आहे हे मी बैठकीत सविस्तर मांडले. टाकीतल्या पैदाशीचे मूळ पालक कोणत्या नदीतून पकडले होते हे व्यापाऱ्याला सांगता येत नव्हते. ते दक्षिणेकडील असतील आणि इथला समाज वेगळा असेल, तर दोघांचा संकर होऊन इथल्या समाजाचे वेगळेपण काही पिढ्यांत विरघळून जाऊ शकते. शिवाय टाकीतल्या गर्दीत वाढलेल्या माशांबरोबर परजीवी येण्याचा धोका असतो. मेलेले मासे दिसतात आणि त्यांची हळहळ वाटते. संकराने हरवलेला समाज कोणाला दिसतही नाही आणि परत आणता येत नाही.

दुसरा पर्याय एका सुशिक्षित सदस्याने सुचवला. नव्या शोधानुसार जुने नाव खोडून ‘डॉकिन्सिया उत्तरा’ लिहावे, कारण सत्तरी कोकणाला लागून आहे. ही सूचना वरकरणी अद्ययावत होती, पण तिची पद्धत जुन्या चुकीचीच होती. पूर्वी यादी पाहून नाव लिहिले होते, आता नकाशा पाहून लिहिले गेले असते. मासा हातात घेऊन पाहिल्याशिवाय दिलेले नवे नाव जुन्या नावापेक्षा अधिक खरे ठरत नाही.

याच चर्चेतून तिसरी सूचना निघाली. मासा कोणत्याच नावाशी जुळत नसेल तर तो फक्त गोव्यातच सापडणारा, म्हणजे गोव्याचा प्रदेशनिष्ठ मासा म्हणून नोंदवावा, आणि त्या आधारावर डोहाला संरक्षण मागावे. आपल्या नदीविषयीच्या आपुलकीतून आलेली ही मागणी मला समजत होती. परंतु प्रदेशनिष्ठ म्हणण्यासाठी तो मासा इतरत्र नाही हे दाखवावे लागते, आणि शेजारच्या खोऱ्यांत कोणी पाहिलेलेच नसताना तसे लिहिणे म्हणजे माहितीच्या अभावालाच माहिती ठरवणे झाले असते. पुढे कोणी ते खोडून काढले असते तर डोहाच्या संरक्षणाची मागणीही त्याबरोबर कोसळली असती.

चौथा पर्याय होता, नाव प्रजातीसमूहापर्यंतच लिहावे, माशाचे सविस्तर वर्णन, छायाचित्रे व नमुने जोडावेत, आढळाच्या रकान्यात फक्त प्रत्यक्ष पाहिलेल्या जागा द्याव्यात आणि मासे सोडण्याचा विचार निदान एक पावसाळा पुढे ढकलावा. याला सर्वांत जास्त विरोध झाला. मंडळाचे म्हणणे होते की यात काहीच केल्यासारखे दिसत नाही, आणि अध्यक्षांना भीती होती की अपूर्ण नाव असलेली नोंद वरच्या कार्यालयातून परत येईल.

निर्णयाचे वळण

बैठक कोणाच्या बाजूने झुकेल हे शास्त्रीय युक्तिवादाने ठरले नाही. समितीतील एक वयोवृद्ध सदस्य आयुष्यभर या नदीत पाग आणि गरी घेऊन फिरलेले होते. चर्चा ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “मास्तर, पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात, हे पोरांना ठाऊक आहे. पण वरच्या डोहांतले मासे पुराबरोबर खालीही येतात. डोह मेला, नदी मेलेली नाही. आधी वर जाऊन बघा.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मंडळातील काही तरुण वरच्या अंगाला गेले. विषारी पाणी जिथवर पोहोचले नव्हते त्या वरच्या दोन डोहांत आणि बाजूने येऊन मिळणाऱ्या एका सावलीतल्या ओहोळात काळ्या ठिपक्याचे मासे त्यांना दिसले. पट्टे असलेली पिल्लेही होती. परत आल्यावर त्यांचा सूर बदललेला होता. बाहेरून मासे आणण्याची गरज खरोखर आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पिल्लांची मागणी रद्द करण्यात आली आणि जमलेल्या वर्गणीतून डोहाच्या पाहणीसाठी लागणारे साहित्य घ्यायचे ठरले. मला हे वळण फार मोलाचे वाटते, कारण खोऱ्यांच्या आणि संकराच्या माझ्या स्पष्टीकरणाने जे साधले नव्हते ते नदी ओळखणाऱ्या माणसाच्या एका सूचनेने साधले.

केलेली कृती

नमुने कुठून घ्यायचे हा पुढचा प्रश्न होता. उपनदीचा वरचा भाग म्हादई अभयारण्याच्या हद्दीत जातो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी जायलाही परवाना लागतो आणि तिथला प्राणी बाहेर नेणे हा त्याहून गंभीर विषय आहे. त्यामुळे नमुने हद्दीबाहेरच्या डोहांतून घेण्याचे ठरले आणि हद्दीच्या आत फक्त वन खात्याच्या माहितीने, मासे न पकडता, निरीक्षण करण्यात आले. किती मासे मारायचे यावरही चर्चा झाली. एका वर्षात एवढी हानी झालेल्या समाजातून मोठी संख्या घेणे योग्य नव्हते. नर, मादी आणि पिल्ले यांचा समावेश होईल इतकेच थोडे नमुने ठेवायचे, बाकीच्यांची छायाचित्रे काढून व पराचा बारीक तुकडा घेऊन त्यांना पाण्यात सोडायचे, असे ठरले.

प्रत्येक मासा पकडल्याबरोबर अरुंद काचेच्या टाकीत ठेवून दोन्ही बाजूंनी त्याचे छायाचित्र घेतले गेले. शेपटीच्या टोकांचा रंग मासा मेल्यानंतर आणि द्रावणात ठेवल्यानंतर लवकर उतरतो, आणि या गटातील प्रजाती ओळखताना जिवंतपणीचा रंग महत्त्वाचा असतो. त्यानंतर पराचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवून मगच मासा फॉर्मालिनमध्ये टाकण्यात आला, कारण फॉर्मालिन शरीराचा आकार टिकवते पण डीएनए खराब करते. हा क्रम उलटा झाला तर नमुन्याचा अर्धा उपयोग वाया जातो. म्हणून तरुणांना तो आधी करून दाखवला आणि प्रत्येक बाटलीबरोबर ठिकाण, तारीख, पाण्याची खोली व तळाचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी ठेवण्याची सवय लावली.

मोजमापांत संवेदी रेषेवरील खवल्यांची संख्या, ठिपका नेमका कितव्या खवल्यापासून कितव्यापर्यंत पसरला आहे, तोंडाची दिशा आणि ओठाच्या कोपऱ्याशी बारीक मिशी आहे की नाही, हे मुद्दे घेतले. मिशी हा या गटात प्रजाती वेगळ्या करण्याचा जुना मुद्दा आहे, पण लहान माशांत ती पाहणे किती कठीण आहे हे इथे कळले. तिघांनी स्वतंत्रपणे केलेल्या नोंदी मोठ्या माशांबाबत जुळल्या आणि लहानांबाबत जुळल्या नाहीत. त्यामुळे लहान माशांच्या नोंदी ओळख पटवण्यासाठी वापरायच्या नाहीत असे ठरवण्यात आले. हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. हाती आलेली सगळी माहिती वापरण्याचा मोह होतो, पण निरीक्षकागणिक बदलणारी माहिती नोंदीला बळकटी देण्याऐवजी तिला पोकळ करते.

नमुने एका शासकीय संस्थेच्या संग्रहात जमा करण्यासाठी पत्रव्यवहार झाला आणि ते स्वीकारले गेले. सार्वजनिक संग्रहात नोंद क्रमांकासह ठेवलेला नमुना उद्या दुसऱ्या अभ्यासकाला पुन्हा तपासता येतो. कोणाच्या कपाटातली बाटली आणि मोबाइलमधले छायाचित्र यांना ते मोल नसते.

निष्पत्ती

नोंदवहीतील ओळ आता बदलली आहे. नावाच्या जागी ‘डॉकिन्सिया, फिलामेंटोसा गट, प्रजातीची निश्चिती बाकी’ असे लिहिले असून गावात पिल्लांसाठी आणि प्रौढ माशांसाठी वापरली जाणारी नावे वेगवेगळी देऊन ती एकाच माशाच्या दोन अवस्थांची आहेत, अशी टीप जोडली आहे. आढळाच्या रकान्यातून ‘पश्चिम घाट, सर्वत्र’ हे शब्द काढून प्रत्यक्ष पाहिलेले डोह व ओहोळ, पाहिल्याचा महिना आणि पाहणाऱ्याची भूमिका यांची नोंद केली आहे. डोहांची नेमकी ठिकाणे समितीकडील प्रतीत आहेत. सर्वांना पाहता येणाऱ्या प्रतीत केवळ उपनदीचा भाग दिला आहे. शोभेच्या माशांना बाजारात मागणी असल्यामुळे ही काळजी घेणे भाग होते. अध्यक्षांना वाटत होती तशी हरकत वरच्या कार्यालयाकडून आली नाही. नमुन्यांचा उल्लेख जोडलेला असल्यामुळे नोंद आहे तशी स्वीकारली गेली.

पावसाळ्यानंतर विषबाधित डोहात काळ्या ठिपक्याचे मासे पुन्हा दिसू लागले. ते वरून उतरले की खालून चढले हे सांगता येणार नाही आणि संख्या पूर्ववत झाली असेही म्हणता येणार नाही, कारण विषबाधेपूर्वी कोणी मोजणी केलेली नव्हती. मंडळातील तरुण आता उन्हाळ्यात आळीपाळीने डोहांवर लक्ष ठेवतात. पुन्हा विष टाकले जाऊ नये यासाठी पंचायतीने ठराव केला आहे.

जनुकीय तुलना अजून पूर्ण झालेली नाही, आणि ती एका गावाच्या नमुन्यांवर पूर्ण होणारही नाही. उत्तरेला तेरेखोलच्या आणि दक्षिणेला कारवारजवळच्या काळी नदीच्या खोऱ्यातील नमुने मिळाल्याशिवाय मधला मासा कोणाचा, हे ठरवता येत नाही. केवळ मायटोकाँड्रियातील जनुकांवर विसंबणेही पुरेसे नाही, कारण ती आईकडूनच येतात. कुठे पूर्वी बाहेरचे मासे सोडले गेले असतील आणि त्यांच्या नरांशी इथल्या माद्यांचा संकर झाला असेल तर अशा तपासणीत तो दिसणार नाही.

काय वेगळे करता आले असते

मोजणीचा अभाव ही या प्रकरणातील सर्वांत मोठी उणीव आहे. नोंदवहीत माशांची नावे लिहिताना, उन्हाळ्यात एका ठरावीक डोहात ठरावीक वेळ उभे राहून दिसलेले मासे मोजण्याची साधी पद्धत समितीने सुरू केली असती, तर विषबाधेनंतर नुकसान किती झाले आणि भरून किती आले हे दोन्ही सांगता आले असते. नोंदवहीच्या नमुन्यात त्यासाठी जागा असते. ती मोकळी ठेवली गेली होती.

वृद्ध सदस्याचा सल्ला पहिल्याच बैठकीत मागायला हवा होता. ते समितीवर होते, पण चर्चा शास्त्रीय नावांची आहे म्हणून ते बराच वेळ गप्प राहिले आणि इतरांनीही त्यांना विचारले नाही. मासे कुठून येतात व कुठे जातात हा आढळाचाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देणारा माणूस खोलीत बसलेला होता. पुढच्या पानांसाठी आता क्रम बदलला आहे: आधी नदीवर जाणाऱ्यांची माहिती लिहून घ्यायची, मग पुस्तकातले नाव शोधायचे.

नमुने घेण्याची वेळही सुधारता आली असती. जूनच्या आधी घाईने घेतलेल्या माशांत लांब तंतू असलेले प्रौढ नर मोजकेच मिळाले, आणि नरांची ही लक्षणे तुलनेसाठी उपयोगी असतात. वर्षातून दोन ऋतूंत नमुने घेण्याचे नियोजन आधीपासून असते तर ही त्रुटी राहिली नसती.

मासे सोडण्याच्या प्रस्तावांसाठी समितीकडे आधीपासून एक लेखी प्रश्नावली असायला हवी होती: मासा कोणत्या नदीतून आला, त्याची ओळख कोणी पटवली, त्या खोऱ्यात तो मुळातला आहे का, आणि वरच्या अंगाला तो शिल्लक आहे का. ही प्रश्नावली आता तयार केली आहे. रोहू, कटला यांसारखे मोठे कार्प धरणांत सोडण्याच्या योजना सर्वत्र राबवल्या जातात, आणि म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याचा कळसा-भांडुरा प्रकल्प तर दोन वेगळ्या खोऱ्यांना जोडणारा आहे. अशा वेळी कोणत्या पाण्यात कोणता मासा मुळात होता, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर नंतर ते शोधण्याचा मार्ग उरत नाही.

‘फिलामेंटोसा’ची गणना आज धोक्यात नसलेल्या माशांत होते, आणि त्यामागे तिचा विस्तृत आढळ हे एक प्रमुख कारण आहे. तो आढळ अनेक प्रजातींत वाटला जात असताना प्रत्येक तुकड्याचे मूल्यमापन नव्याने करावे लागेल. शेजारच्या तालुक्यातील दोन समित्यांनी आपल्या ओहोळांची पाहणी करण्याची तयारी दाखवली असून, काचेची टाकी आणि नोंदीच्या चिठ्ठ्यांचा नमुना त्यांच्याकडे पाठवला आहे. तिथले काम पावसाळा ओसरल्यावर, नरांचे तंतू पूर्ण वाढलेले असताना, सुरू होईल.